हात हलत नाही : टोपी, पट्टी की आरसा?

मामांच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता सात महिने झाले. तासगावकडची द्राक्षबाग, सगळं काम उजव्या हाताचं, आणि नेमका तोच गेला. पाय सुधारला, बोलणं बरंचसं परत आलं, हात मात्र लोंबताच राहिला. मिरजेला फिजिओथेरपीच्या फेऱ्या चालू असताना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ धाडला. डोक्यावर तारांची टोपी, हाताला यांत्रिक पंजा. पेशंट नुसता विचार करतो आणि मूठ उघडते. मामा म्हणाले, "आरं, इचार करून हात हालणार आसंल तर मी दिसभर इचारच करत बसतो की."

मग आम्ही तीन वाटा नीट तपासल्या. ज्यांच्या घरात असाच हात आहे आणि पैसे कुठे घालायचे ते ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी टोपीचं, कारण मोह तिचाच पडतो. मेंदूतल्या लहरी डोक्यावरून टिपता येतात हे जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्येच पाहिलं होतं. हालचालीशी नातं असलेली लहर दोन्ही कानांना जोडणाऱ्या, टाळूवरून जाणाऱ्या रेषेच्या आसपास सापडते. हात स्वस्थ असताना तिथल्या लाखो पेशी सेकंदाला साधारण ८ ते १३ वेळा एका ठेक्यात चालतात, भजनात सगळ्यांचे टाळ एकत्र पडावेत तशा. हात हलवायचा म्हटलं की प्रत्यक्ष हालचालीच्या एक-दोन सेकंद आधीपासून हा ठेका विरायला लागतो. जो तो टाळ ठेवून कामाला लागतो म्हणा ना. उजव्या हातासाठी तो मुख्यतः डाव्या बाजूला विरतो. आणि मजा अशी की हात न हलवता, हलवतोय अशी नुसती कल्पना केली तरी विरतो. टोपी पकडते ते एवढंच. ती विचार वाचत नाही, टाळ थांबले एवढं ओळखते. उजवा हात की डावा, हे तिला बऱ्यापैकी कळतं. कुठलं बोट, हे कवटीवरून सांगणं फार अवघड, कारण लहर हाड ओलांडून येईतो पसरट झालेली असते.

लकव्यात बऱ्याचदा मेंदूपासून हाताकडे जाणारी वाट तुटते, पण हुकूम सोडणारी जागा थोडीफार शाबूत असते. टोपीचा उपयोग तिथे. हुकूम सुटला की यंत्र त्याच क्षणी पंजा उघडतं किंवा स्नायूला करंट देतं, आणि इच्छा व हालचाल यांची गाठ पुन्हा पडते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत लकव्याचे २७ जुने पेशंट होते. करंट दोन्ही गटांना मिळाला, पण एका गटाला लहरीच्या हुकुमावर आणि दुसऱ्याला लहरीशी संबंध न ठेवता. पहिल्या गटाचा हात जास्त सुधारला, आणि ती सुधारणा पुढेही टिकली. म्हणजे करंट किती, यापेक्षा तो केव्हा, याला महत्त्व आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये अशा एका यंत्राला परवानगीही मिळाली; लकव्याला किमान सहा महिने झालेल्यांसाठी ते आहे आणि ते लहर घेतं मेंदूच्या धडधाकट बाजूची. टोपी म्हणजे थोतांड नव्हे.

पण रोजच्या वापरात ती नाजूक. लहर मायक्रोव्होल्टात मोजायची, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात. पापणी लवली, दात आवळले, जवळच्या वायरीतली घरची वीज घुसली की पडद्यावरची लहरीची रेघ बिघडते. मामी रोज मामांच्या डोक्याला खोबरेल चोपडतात. टोपी लावायच्या दिवशी केस शिकेकाईने धुऊन न्यायचे, मग जेल, मग टोपीतलं लहर टिपणारं प्रत्येक बटण नीट बसलंय का ते पाहायचं, मग यंत्राला मामांची लहर शिकवायची. खरा सराव सुरू होईपर्यंत माणूस कंटाळतो. शिवाय काही जणांची लहर यंत्राला पुरेशी ओळखूच येत नाही. अभ्यासक १५ ते ३० टक्के असा आकडा सांगतात. त्यात टोपीसाठी पुण्याला जाऊन-येऊन अख्खा दिवस.

दुसरी वाट पट्टीची. हाताच्या मागच्या बाजूला, मनगट उचलणाऱ्या स्नायूवर, दोन-तीन चिकटपट्ट्या. हुकूम घ्यायचा तो कवटीऐवजी थेट स्नायूतून. मिरजेला फिजिओताईंनी मामांना सांगितलं, "मनगट वर घ्या." हात जागचा हलला नाही. मामींनी तोंड फिरवलं. पण पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. ताईंनी पुन्हा सांगितलं, पुन्हा उडाली. डोळ्यांना मेलेला दिसणारा स्नायू आत कुजबुजत होता. मग त्यांनी अशी मर्यादा लावली की रेघ तिच्यावर गेली की करंट सुटेल, आणि तिसऱ्या प्रयत्नाला मनगट उचललं. स्नायूचा हा सिग्नल मेंदूच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा आणि स्वच्छ. तेल, जेल, टाळू असली भानगड नाही. आणि हुकूम व हालचाल एका वेळी जुळण्याचा जो फायदा टोपीत, तोच इथे मिळतो.

माझं मत इथेच ठरलं. रेघ जराशी जरी उडत असेल तर टोपीच्या मागे लागू नका. सिग्नल स्नायूपर्यंत पोचलेला असताना तो उगमाशी जाऊन टिपायचा कशाला? रेघ मुळीच उडत नसेल, पाच-सहा महिने उलटून हात ठार गप्प असेल, तर मात्र टोपीचा विचार खरंच करावा. मात्र करंटची कुठलीही वाट धरण्याआधी पेसमेकर आहे का, फिट येते का, हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

आरसा सगळ्यांत स्वस्त, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो हात तुटलेल्यांच्या वेदनेसाठी वापरला, नंतर लकव्याकडे आला. आरसा छातीसमोर उभा धरायचा, दुखरा हात त्याच्यामागे, चांगला हात पुढे हलवायचा आणि नजर आरशात. सांगलीतल्या काचेच्या दुकानातून कडा घासून आणलेला आरसा आम्ही अजून वापरतो. एकट्याने चमत्कार नाही, पण पट्टीच्या जोडीला घरी रोज होतो हे त्याचं मोठेपण. बोटं आपणहून थोडी उघडू लागली की पुढची पायरी आहे : चांगला हात बांधून ठेवून दुखऱ्याकडूनच कामं करून घ्यायची. २००६ च्या २२२ पेशंटच्या अमेरिकी चाचणीत हे दोन आठवडे करून घेतलं होतं आणि फायदा दिसला होता. मामांच्या हातात सध्या मणी विरळायची कात्री असते. दाबता येते, उघडताना स्प्रिंगच जास्त काम करते.

टोपीच घ्यायची ठरवलीत तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी पाहा. बटणं टाळूच्या त्या रेषेवर बसतात की नुसती कपाळावर? कपाळावर भुवया, डोळे आणि जबड्याचे स्नायूच जास्त बोलतात. आणि पेशंटला मिनिटभर काहीही न करता बसवा, मग दात आवळायला सांगा. हाताचा विचार नसताना पंजा उघडायला नको. आम्ही एका ठिकाणी गेलो तिथे कपाळाचीच पट्टी होती. तिथला मुलगा कौतुकाने म्हणाला, "बघा काका, मेंदूने ऐकलं!" पंजा झकास उघडला होता. मामा खुर्चीत बसून सुपारी चघळत होते.