आइसलंडची फोटो-टूर की पुण्यातच वर्षभर काम?

दिवाळीच्या आसपास हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा साधारण सारखाच असतो. नोकरी बरी चाललेली, कॅमेरा घेऊन तीन-चार वर्षं झालेली, सिंहगडावरचा सूर्योदय आणि भिगवणचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) काढून झालेले. आता पुढे काय, म्हणून हात शिवशिवत असतात. मोबाइलवर आइसलंडच्या आठ दिवसांच्या फोटो-टूरची जाहिरात येते, खर्च काही लाखांत. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, अरे, एवढ्या पैशात पुण्यातच वर्षभर फोटोंचं काम होईल.

मी पुण्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. पण एका बाबतीत आइसलंडपुढे आपलं काही चालत नाही, तेव्हा सुरुवात तिथूनच.

उजेड

पुणं साडेअठरा अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस असे दोन दिवस येतात, की दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि विजेच्या खांबाची सावली खांबाच्या बुंध्यातच गडप होते. इथला सूर्य मावळतानाही जवळपास सरळ खाली उतरतो. ज्या तांबूस उजेडामागे आपण सगळे धावतो, तो अर्ध्या तासात आटोपतो. वेताळ टेकडीवर धापा टाकत पोचून ट्रायपॉड लावेपर्यंत त्यातला निम्मा गेलेला असतो.

रेक्याविक चौसष्ट अंशांवर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारचा सूर्यसुद्धा क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश वर येतो. दिवस चार तासांचा, आणि ते चारही तास तिरप्या उजेडाचे. जूनमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि पुरता अंधार होतच नाही. निसर्गचित्रं काढणाऱ्याला एवढा सावकाश उजेड आपल्याकडे कुठल्याच महिन्यात मिळणार नाही. गंमत म्हणजे दगड दोन्हीकडे एकच, बेसॉल्ट. आपला सह्याद्री लाव्हा थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. तिथे अजून ताजा लाव्हा वाहतो.

पुण्याला उजेडच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. जून ते सप्टेंबर ढगांमुळे दिवसभर मऊ, बिनसावलीचा उजेड असतो आणि पाऊस बहुतेक वेळा भुरभुर एवढाच. पेठांतल्या अरुंद बोळांचा हिशेब तर वेगळाच आहे. ऊन वरून थेट खाली पडतं, समोरच्या भिंतीवर आपटतं आणि परतून दारातून आत शिरतं. त्यामुळे ज्या टळटळीत दुपारी टेकडीवर कॅमेरा बाहेर काढू नये, त्याच दुपारी कसबा पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या आतला उजेड सगळ्यात सुंदर असतो.

माणसं

इथे तुलना संपते, असं माझं मत. आइसलंडची सगळी लोकसंख्या सुमारे चार लाख, आणि टूरवर त्यांच्यापैकी भेटतात ते हॉटेलवाले आणि बसचा ड्रायव्हर. त्यात त्यांचा काही दोष नाही. आठ दिवसांत कुठल्याच देशात कुणी कुणाला घरात घेत नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीचं उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी जो तो एकच फोटो काढतो: हवेत उचललेला हातोडा, चेहऱ्यावर घाम, मागे तांब्याची भांडी. फोटो वाईट नसतो, फक्त तो शेकडो जणांकडे असतो. चार-पाच वेळा जाऊन नुसतं बसलात, की मठारकामात, म्हणजे भांड्यावर ठोके देण्याच्या कामात, खरं काय चाललंय ते दिसायला लागतं. हातोडा जवळपास एकाच जागी पडत असतो. नक्षी उमटते ती दुसऱ्या हातामुळे. तो हात लोखंडी टेकूवर भांडं जरा-जरा फिरवत राहतो आणि ठोक्याशेजारी ठोका पडत जाऊन भांड्याभोवती गोल ओळी तयार होतात. म्हणजे फोटो त्या दुसऱ्या हाताचा आहे. आणखी जवळ गेलात, तर प्रत्येक खळगीत उघड्या दाराचं इवलंसं, उजळ प्रतिबिंब दिसेल. एका घागरीवर अशी शेकडो दारं. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर तिथे हमखास फसतो. एक स्टॉप कमी ठेवा, म्हणजे उजेड निम्माच घ्या, नाहीतर तांबं पांढरं पडतं.

यातलं काहीही पहिल्या दिवशी दिसत नाही. आणि दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या दिवशी जाणं ज्याला परवडतं, तो इथे राहणाराच असतो. लोक 'मातीची ओढ' वगैरे म्हणतात, तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. आपल्या गावाची खरी देणगी म्हणजे परत जाता येणं. आज 'नको, काम आहे' म्हणाले, तर पुढच्या बुधवारी जाता येतं. जाताना मागच्या वेळच्या फोटोचा प्रिंट न्यायचा. पोस्टकार्डाएवढा प्रिंट काही रुपयांत होतो आणि त्याने जेवढी दारं उघडतात, तेवढी महागड्या लेन्सने उघडत नाहीत. उलट प्रिंट न नेता गेलात, तर 'मागचा फोटो कुठंय?' हे ऐकावं लागतंच.

दुसरी गोष्ट पुढचं कळण्याची. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, अशा दोन रात्री मुक्कामाला असतात. मग ज्ञानोबांची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते, तुकोबांची लोणी काळभोरकडे. सगळे कॅमेरे घाटाच्या वळणांवर लांब लेन्स लावून उभे. बाहेरून आलेल्याला तेच करावं लागतं, कारण त्याच्याकडे तेवढाच दिवस असतो. पण पावली खेळणाऱ्या दिंडीपुढे उभं राहून पाहा. ज्याच्या कानाला 'ज्ञानबा-तुकाराम'ची सवय आहे, त्याला मृदंगाची लय चढली, की आता उडी पडणार हे ठोकाभर आधीच कळतं आणि बोट बटणावर तयार असतं. ज्याला कळत नाही, तो उडी पाहून बटण दाबतो आणि त्याच्या फोटोत माणसं खाली उतरताना सापडतात.

पुण्यातल्या दोन रात्रींच्या मधल्या दिवशी वारकरी शहरभर पांगलेले असतात: शाळांच्या वर्गांत, देवळांच्या ओवऱ्यांत, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये. कुणी फुकट दाढी करून देतोय, कुणी चपला शिवून देतोय. एका पार्किंगमध्ये लुगडं वाळत घालणाऱ्या आजी म्हणाल्या, "आमचा फोटू कशाला काढतोस, माउलीचा काढ." यावर काय उत्तर द्यायचं हे ज्याला सुचतं, त्याला पुढचा फोटो मिळतो. 'तुम्हीच माउली' एवढं म्हटलं तरी चालतं. त्यासाठी ती भाषा कानावर पडत वाढलेलं असावं लागतं.

सवयीचे डोळे

आता पुण्याच्या विरुद्ध बोलतो. रोज पाहिलेलं दिसेनासं होतं. लक्ष्मी रस्त्याने आयुष्यभर चालणाऱ्याला डोळे मिटून वाड्याचा एक दरवाजा आठवत नाही. परका माणूस येतो आणि पहिल्या तासात तो दरवाजा टिपतो.

याला नेहमी रॉबर्ट फ्रँकचा दाखला देतात. स्विस छायाचित्रकार, 1955 मध्ये गुगनहाइम फेलोशिप मिळवून मोटारीतून अमेरिकाभर हिंडला आणि झेंडे, ज्यूकबॉक्स, कंटाळलेले चेहरे यांतून अमेरिकनांना त्यांचाच देश दाखवला. दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. फ्रँक न्यूयॉर्कला आला 1947 मध्ये. म्हणजे तो परका होता, पण आठ वर्षांपूर्वीच तिथे आलेला, येऊन-जाऊन राहिलेला परका. त्याच्या नावावर आठ दिवसांची टूर खपवू नये.

आपल्याकडचे दोन छायाचित्रकार रघु समोरासमोर ठेवले, तर जास्त कळतं. दोघंही 1942 चे. रघु राय दिल्लीत वर्तमानपत्रातून वाढले, देशातच राहिले आणि 1977 मध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या जगप्रसिद्ध संस्थेत गेले. 1984 च्या भोपाळ दुर्घटनेची त्यांची चित्रं जगाने पाहिली, कारण ते लगेच पोचू शकले आणि नंतर पुन्हापुन्हा जाऊ शकले. जयपूरचे रघुबीर सिंह पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क इथे राहिले, पण रंगीत फिल्मवर काम केलं ते मुख्यतः भारताचंच. लांब राहून दरवेळी परत येणाऱ्याला डोळे ताजे ठेवता येतात आणि भाषाही हातची जात नाही. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या पुणेकरांनी या दुसऱ्या रघुकडे नीट पाहावं.

इथेच राहणाऱ्यांसाठी उपाय रूक्ष आहे: स्वतःला आवळून घेणं. एक आळी, एक लेन्स, एक ऋतू. प्रागच्या योसेफ सुदेकने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. पुढे 1940 पासून दहा-बारा वर्षांहून जास्त काळ तो आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिला. दवाने धुरकटलेली काच, पलीकडे वाकडं झाड. विषय संपला म्हणायला जागाच ठेवली नाही.

पैसे, वेळ आणि घरचे

टूरचा मोठा फायदा फारसं कुणी बोलत नाही: आठ दिवस तुम्हाला कुणी हाक मारत नाही. पहाटे उठून फोटोच काढायचे असतात. पुण्यात रविवारी सकाळी बाहेर पडायचं म्हटलं, की गॅस सिलिंडर, मावशींकडचं बारसं आणि 'तुझा कॅमेरा चांगलाय, मुंजीचे फोटो तूच काढ' हे सगळं आडवं येतं. घरी काम करायचं तर वेळ भांडून मिळवावा लागतो, आणि बहुतेकांचं वर्ष तिथेच वाया जातं.

तोटा असा, की टूरवाला ज्या जागी उभं करतो तिथे आधीच ट्रायपॉडांची रांग असते. किर्क्युफेलचा तो टोकदार डोंगर तुम्ही जाहिरातीत पाहिला, तसाच घरी घेऊन याल.

पैशांचं म्हणाल तर पुण्यातल्या वर्षाला त्यातला थोडाच भाग लागतो: एखादी जुनी पस्तीस मिलिमीटरची लेन्स, प्रिंट आणि शेवटी बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात छोटं प्रदर्शन. ड्रोनचा बेत असेल तर आधीच सोडा. लोहगावचा हवाई तळ, एनडीए आणि खडकीच्या आसपास ते उडवायला मिळणं अवघड आहे.

मग कुणी काय करावं

डोंगर, पाणी, आकाश हेच तुमचं वेड असेल, तर खुशाल जा. शक्यतो बारा जणांच्या गटाबरोबर नको, दोघं-तिघं मिळून गाडी भाड्याने घ्या, म्हणजे उजेड चांगला असेल तिथे थांबता येईल. कामाचा शीण घालवायला जायचं असेल तरी जा, त्याला फोटोंचं निमित्त लागत नाही.

माणसांचे फोटो काढायचे असतील, किंवा पुढे फेलोशिपसाठी, मासिकासाठी काम दाखवायचं असेल, तर टूरचे पैसे राखून ठेवा. निवडणाऱ्यांसमोर हिमनदीचे फोटो ढिगाने येतात. मंडईतल्या एकाच गाळ्याचं वर्षभराचं काम क्वचित येतं.

परदेशी नोकरी ठरलेली असेल, तर दर वर्षी एकाच आठवड्यात पुण्याला या, वारीच्या किंवा गणपतीच्या. दोन्हीकडचे डोळे मिळतील.

आणि पुण्याचं ठरलंच, तर वारीपासून सुरुवात सोपी. पालख्या ज्येष्ठ वद्य पक्षात निघतात आणि मुक्कामाच्या तारखा आधीच जाहीर होतात. रजा टाकायची ती दिवे घाटाच्या दिवसाची नको, मधल्या दिवसाची टाका. नाना पेठेत पहाटे पाचला पोचा, गाडी लांब लावा आणि बॅगेत एकच लेन्स ठेवा.