शोभेचा पत्र्याचा डबा: तांबे, पितळ की जस्ती पत्रा?

दिवाणखान्याच्या फडताळावर शोभेल आणि आत कागदपत्रे किंवा शिवणकामाचे सामान राहील असा पत्र्याचा डबा घरी करायचा असेल, तर धातू निवडण्यापूर्वी त्यावर नक्षी कोणती काढायची हे ठरवावे, कारण पत्र्याची जाडी, सांधा आणि कामाचा क्रम या तिन्ही गोष्टी नक्षीवर अवलंबून असतात. पुढील तुलनेसाठी ३०० मिलिमीटर लांब, २०० रुंद आणि १५० उंच असा झाकणाचा डबा धरला आहे. त्याला घड्यांचा भाग सोडून सुमारे ०.३ चौरस मीटर पत्रा लागतो.

ठोक्यांची नक्षी, म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात ते करायचे असेल, तर तांब्याला तोड नाही. तांबे मऊ असते, हातोडीचा प्रत्येक ठसा स्वच्छ उमटतो आणि ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की तो लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की पुन्हा वळतो. २२ गेजचा, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतल्यास हा डबा पावणेदोन किलोच्या थोडा वर जातो. पितळेचे वजनही जवळपास तेवढेच भरते, परंतु ते तांब्यापेक्षा कडक असल्यामुळे कडा सरळ राहतात आणि कोरीव रेघ किंवा जाळीचे काम त्यावर अधिक रेखीव दिसते. खोल उठावकाम मात्र मधूनमधून न तापवता रेटले तर पितळ चिरते. दोन्ही धातू हवेने काळवंडतात, तेव्हा दर महिन्या-दोन महिन्यांनी चिंच-मीठ हाती घेण्याची तयारी नसेल तर लॅकरचा पातळ हात द्यावा.

जस्ती पत्रा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा, सर्वांत स्वस्त आणि २४ गेजमध्ये (हा २२ गेजहून पातळ) सव्वा किलोच्या आसपास बसणारा, पण ठोक्यांनी आणि खरवडण्याने त्यावरचा जस्ताचा थर दुखावतो आणि दमट हवेत तिथून गंज धरतो, म्हणून तो रंगवायच्या डब्यासाठीच घ्यावा. त्यावर गॅसची ज्योत मारू नये; जळत्या जस्ताचा धूर अंगाला बाधतो. ॲल्युमिनियम हलके खरे, परंतु त्याला साध्या कथलाचा डाग, म्हणजे वितळलेल्या कथलाने केलेली जोडणी, धरत नाही, त्यामुळे रिव्हेटशिवाय, म्हणजे भोकातून घालून ठोकून बसवलेल्या खिळ्यांशिवाय, गत्यंतर राहत नाही.

सांध्याचा निर्णय तांब्या-पितळेतच खरा अवघड होतो. टाकणखार (बोरॅक्स) लावून केलेले झाळकाम, म्हणजे जास्त उष्णतेत दुसरा धातू वितळवून केलेली जोडणी, सर्वांत भक्कम, पण त्याच्या उष्णतेने ठोकून कडक झालेला पत्रा पुन्हा मऊ पडतो आणि सपाट बाजू लाटेसारखी वाकते. कथलाचा डाग कमी उष्णतेत बसतो, तरीही ओझे पेलण्यासाठी त्याला घडीचा आधार हवा. शोभेच्या डब्यासाठी माझी पसंती पितळी रिव्हेटांना आहे: कोपऱ्यावर १२ मिलिमीटरची पट्टी दुमडून तीन-तीन रिव्हेट मारले, की सांधाच नक्षीचा भाग होतो. वरच्या उघड्या कडेला ५ मिलिमीटरची घडी सर्वच धातूंत हवी, कारण पत्र्याची कोरी धार बोट कापते.

माझ्या पहिल्या डब्याचे झाकण आधी मापात कातरले आणि मग त्यावर ठोके दिले. ठोक्यांनी पत्रा पसरला आणि झाकण लांबीत जवळजवळ ३ मिलिमीटर वाढले, शिवाय मध्यभाग फुगून डब्यावर डुलू लागले. तेव्हापासून तांब्यावर मठारकाम असेल तर चहूबाजूंनी १५ मिलिमीटर जादा पत्रा ठेवून आधी ठोकतो, सपाट करतो आणि मगच कातरतो. घडीच्या रेषेपासून १० मिलिमीटरचा पट्टा कोरा सोडतो. कोरीव रेघांच्या पितळी डब्याला एवढी खटपट लागत नाही, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने पितळ, रेघांची नक्षी आणि रिव्हेट ही जोडी धरावी. झाकणाचे माप दोन्हींत कागदावरून न घेता तयार डब्यावरून घ्यावे आणि प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवावी.