गच्चीवरचं आकाश: दुर्बिणीला डोळा लावायचा की कॅमेरा?

पावसाळा सरून आकाश मोकळं झालं की अनेकांच्या मनात दुर्बीण घ्यायचं येतं, आणि दुकानात हमखास विचारलं जातं, ‘हिच्यातून फोटोही निघतील ना?’ माझं मत आधीच सांगते. डोळ्यांनी बघायची दुर्बीण आणि फोटोंचं सामान या दोन वेगवेगळ्या खरेद्या आहेत. दोन्ही कामं करते म्हणून विकली जाणारी स्वस्त दुर्बीण घेऊ नका. तिच्या लटपटत्या तिपाईवर गुरू स्थिर दिसत नाही, मग कॅमेऱ्याचं वजन ती काय पेलणार?

बघण्यासाठी सहा इंची डॉब्सोनियनसारखं दुसरं काही नाही. ही सहा इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण एका खोक्यावर बसते आणि हाताने हवी तशी फिरते. गच्चीवर आणून ठेवली, आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग बसवलं की काम सुरू. आरशापासून प्रतिमा जुळते ते अंतर, म्हणजे फोकल लेंथ, १२०० मिमी असेल तर २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट आणि १० मिमीच्या आयपीसने १२० पट मोठं दिसतं. शनीची कडी, गुरूचे पट्टे आणि त्याचे चार मोठे चंद्र, आपल्या चंद्रावरची विवरं हे सगळं पुण्या-मुंबईच्या झगमगाटातही छान दिसतं. चंद्र मात्र पौर्णिमेला नव्हे, अष्टमीच्या आसपास बघा. तेव्हा डोंगरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात.

जोडताऱ्यांनाही शहराचा उजेड फारसा बाधत नाही. सप्तर्षीतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी आपण नुसत्या डोळ्यांनी शोधतो. दुर्बीण लावली की खुद्द वसिष्ठाच्याच जागी दोन तारे दिसतात, एक ठळक आणि त्याला बिलगलेला दुसरा जरा मंद. पहिल्यांदा बघणारा माणूस आयपीसवरून डोळा काढतो, वर आकाशात बघतो आणि पुन्हा डोळा लावतो. हंसातल्या अल्बिरिओची सोनेरी-निळी जोडीही तशीच.

निराशा होते ती तेजोमेघांपाशी, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या चमकत्या ढगांपाशी. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे गुलाबी फोटो डोक्यात ठेवून आयपीसमध्ये डोकावलात, तर राखाडी, जेमतेम हिरवट झाक असलेला धुरकट पट्टा दिसेल. दोष दुर्बिणीचा नाही. इतक्या मंद प्रकाशात रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, आणि डोळ्याला मिनिटभराचा प्रकाश साठवून ठेवता येत नाही. कॅमेऱ्याला येतो.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते, पैशांत आणि वेळेतही. साध्या ट्रायपॉडवर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथने भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवता येतं. ५० मिमी लेन्सला फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दहा सेकंद, छोट्या सेन्सरवर सहा-सात. त्यापुढे पृथ्वी फिरल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. म्हणून आकाशाबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारा ट्रॅकर घ्यावा लागतो, आणि त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपल्याकडची अडचण इथेच आहे. ध्रुवताऱ्याची उंची अक्षांशाइतकी, म्हणजे पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत एकोणीस. उत्तरेला एक टॉवर उभा राहिला की ध्रुव गेलाच. ट्रॅकर घेण्याआधी रात्री गच्चीवर जाऊन ध्रुव दिसतो का, एवढं बघून या.

शहरात शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की सगळं आकाशच पांढुरकं होतं. त्यामुळे छोटी-छोटी डझनावारी चित्रं काढून ती संगणकावर एकावर एक रचायची, मग पार्श्वभूमीचा उजेड वजा करायचा. सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. दोन तास गच्चीवर गेले तर त्याहून जास्त वेळ खुर्चीत जातो. ज्यांना ते काम मनापासून आवडतं त्यांनी जरूर या वाटेने जावं. मृगाचा रंग पडद्यावर हळूहळू उमटताना पाहणं हा खरोखर मोठा आनंद आहे.

घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर माझा कौल निःशंक डॉब्सोनियनला. मध्यम प्रतीच्या स्मार्टफोनच्या आसपास तिची किंमत जाते, आणि पहिल्याच रात्री सगळ्यांना शनी दिसतो. चंद्राचा फोटो हवाच असेल तर मोबाइल आयपीसला धरा, चांगला येतो. डीएसएलआर आधीपासून घरात असेल आणि ताऱ्यांपेक्षा चित्राची ओढ जास्त असेल, तर दुर्बीण राहू द्या, ट्रॅकर घ्या. सीस्टार एस५० सारख्या स्वयंचलित दुर्बिणी तेजोमेघ शहरातूनही फोनवर दाखवतात. पण त्यांना डोळा लावायची जागाच नसते, आणि २५० मिमी फोकल लेंथमध्ये शनी इवलासा दिसतो.

दिवसभर तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते, तोवर ग्रह थरथरत राहतात. दोन्ही छंदांत जरा उशिरा बसलेलं बरं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून सामान सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पैसे घालण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून एकदा बघाच. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला जा, तिथे कुणी फोटो काढत असेल तर त्याच्या शेजारीही तासभर बसा, आणि मगच ठरवा.