मदरबोर्ड बदलला, आणि आमचंच विंडोज आम्हाला विकलं

मदरबोर्ड (कॉम्प्युटरमधला मुख्य सर्किट बोर्ड) बदलल्यावर विंडोज नव्याने विकत घ्यावंच लागतं, असं दुरुस्तीवाला सांगत असेल तर त्याला पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या मोठ्या भावाला असंच सांगून साडेतीन हजार रुपये घेतले. पैशांपेक्षा वाईट गोष्ट नंतर कळली, म्हणून सविस्तर लिहितोय.

दादाचं साताऱ्यात झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि मुख्य कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला. हार्डडिस्क वाचली होती. दुरुस्तीवाल्याने नवा बोर्ड बसवला, कॉम्प्युटर सुरू केला आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ असं फिकट अक्षरांत आलेलं दाखवलं. "साहेब, जुनं लायसन्स बोर्डाबरोबर गेलं. आता नवीन ओरिजिनल टाकावं लागेल." दादाने विचारलं, "अहो, आमच्याकडे खोका आहे विंडोजचा, त्यावरची लायसन्स की, म्हणजे तो लांब नंबर, चालणार नाही का?" त्यावर तो म्हणाला, "ती एकदाच चालते."

हे धडधडीत खोटं होतं. कंपनीच्या तयार लॅपटॉपबरोबर येतं ते ओईएम लायसन्स त्या यंत्रापुरतं, म्हणजे व्यवहारात त्याच्या मदरबोर्डपुरतं असतं, हे खरं. पण दादाचा कॉम्प्युटर असेंबल केलेला, आणि त्याने विंडोज होम (विंडोजची घरगुती आवृत्ती) वेगळं, खोक्यातलं, म्हणजे रिटेल विकत घेतलं होतं. रिटेल लायसन्स एका वेळी एकाच यंत्रावर चालतं, पण जुनं यंत्र बंद झालं की नव्यावर नेता येतं. शिवाय दादाने मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असल्यामुळे ते लायसन्स त्या अकाउंटला जोडलेलं होतं. ही सोय २०१६ पासून, विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे, आणि ती हार्डवेअर बदलणाऱ्यांसाठीच केलेली आहे.

दुरुस्तीवाल्याने डिस्क फॉरमॅट करून विंडोज प्रो टाकलं आणि ‘लाइफटाइम’ म्हणून सांगितलं. बिलावर मात्र फक्त ‘सर्व्हिस चार्ज’ लिहिलं.

तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची कामं अंगावर आली आणि नेमका तेव्हाच तो फिकट मजकूर परत कोपऱ्यात उगवला. दादाने मला फोन केला. मी वहिनींना स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ उघडून एक आज्ञा टाइप करायला सांगितली: एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि लगेच डीएलव्ही. जी खिडकी उघडली तिचा फोटो त्यांनी पाठवला. त्यात ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असं लिहिलेलं होतं.

केएमएस ही पद्धत मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांसाठी असते. त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरकडून शेकडो कॉम्प्युटर ॲक्टिव्हेट होतात. ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि मधूनमधून त्या सर्व्हरशी संपर्क होऊन त्याची मुदत वाढत राहते. दादाच्या कॉम्प्युटरमध्ये सर्व्हर म्हणून कुठला तरी अनोळखी पत्ता भरलेला होता. तो बंद पडला आणि मुदत संपली. मे ते नोव्हेंबर, हिशेब बरोबर जुळतो. म्हणजे ‘लाइफटाइम’ म्हणून विकलेली वस्तू सहा महिन्यांची होती आणि तीही चोरीची.

मला सर्वात जास्त चीड आली ती पुढच्या शोधाची. असली चोरून ॲक्टिव्हेट करणारी साधनं विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचाच अँटिव्हायरस, अडवतो. म्हणून त्या माणसाने विंडोज सिक्युरिटीतल्या ‘एक्सक्लूजन’ यादीत अख्खा सी ड्राइव्ह घालून ठेवला होता. म्हणजे सी ड्राइव्हवर काहीही आलं तरी तपासणीच होणार नाही. त्याच ड्राइव्हवर गावातल्या लोकांची आधार, पॅन आणि बँक पासबुकं स्कॅन होऊन पडलेली असतात. विश्वासाने कागद देणाऱ्या त्या लोकांना यातलं काहीच ठाऊक नाही. साडेतीन हजारांसाठी त्यांचे कागद असे उघड्यावर टाकायला त्याला काहीच वाटलं नाही.

खरा उपाय फुकटात झाला. सगळा डेटा बाहेर काढून तपासला, डिस्क पुसली आणि मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घेतलेलं विंडोज होम टाकलं. होमच टाकणं महत्त्वाचं, कारण होमचं लायसन्स प्रोला लागू होत नाही. मग दादाच्या जुन्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलं. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट. तिथे ‘या डिव्हाइसचं हार्डवेअर अलीकडे बदललं आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी पर्याय येतो. तो निवडल्यावर अकाउंटला जोडलेल्या यंत्रांची यादी आली, त्यात दादाच्या दुकानाचा कॉम्प्युटर होता. तो निवडला, ॲक्टिव्हेट झालं. दादाने लगेच सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलले.

तुमचा बोर्ड अजून चालू असेल तर आजच त्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर जाऊन लायसन्स अकाउंटला जोडलेलं आहे का बघा. जोडलं असेल तर तसं वाक्य तिथे लिहिलेलं असतं. लॅपटॉपचा बोर्ड वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सेवाकेंद्रातूनच बदलून घ्या आणि ॲक्टिव्हेशन दाखवल्याशिवाय लॅपटॉप ताब्यात घेऊ नका. कोपऱ्यातल्या मजकुराला घाबरून घाई करू नका. वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत, पण कॉम्प्युटर चालतो, शोधायला वेळ मिळतो. इंटरनेटवर दिसणाऱ्या ‘विंडोज हेल्पलाइन’ नंबरांना मात्र फोन करू नका. ते एनीडेस्क (दुसऱ्याला आपला कॉम्प्युटर दुरून चालवू देणारं ॲप) टाकायला लावतात आणि तिथून बँक खात्यापर्यंत पोचतात. तसं काही झालंच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

आधीच कोणी ‘ओरिजिनल’ टाकून दिलं असेल तर एसएलएमजीआरनंतर डीएलव्हीऐवजी एक्सपीआर टाइप करा. ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ न येता एखादी तारीख आली तर ते बहुधा केएमएस आहे.

दुरुस्तीवाल्याने पैसे परत द्यायला नकार दिला, "सॉफ्टवेअरची गॅरंटी नसते" म्हणाला. दादाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. बिलावर विंडोजचा उल्लेखच नसल्यामुळे पुराव्याला यूपीआयची नोंद आणि त्या माणसाचे व्हॉट्सॲप मेसेज एवढंच आहे. तुम्ही विंडोज विकत घ्याल तेव्हा बिलावर होम की प्रो, रिटेल की ओईएम हे लिहून घ्या, आणि लिहून देत नसेल तर त्या दुकानातून घेऊ नका.