बाग मे महिन्यात विकत घेतली, हातात पडली बर्फात

सुरुवातीलाच सांगते, हा एका नर्सरीच्या ‘हिवाळी बाग’ सेवेबद्दलचा अभिप्राय आहे, पण नर्सरीचं नाव लिहिणार नाही. पुढे एक तक्रार आहे, आणि तिथल्या बाई अजून माझ्याकडे येतात.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनिअ‍ॅपोलिसच्या पश्चिमेला राहतो, या घरात बारा वर्षं झाली. मी सांगलीची. झाडांची हौस लहानपणापासून, पण सवय तिकडची: लावा, पाणी घाला, माजलं की छाटा. इथे दर ऑक्टोबरात मी सगळं जमिनीसरसं कापून कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवायचे. मग एप्रिलपर्यंत मागचं अंगण म्हणजे सपाट पांढरा कागद. पहिला बर्फ पडला की आम्हीही सगळ्यांसारखे फोटो काढायचो, पण फोटोत असायचं काय? डेकचा, म्हणजे मागच्या लाकडी ओट्याचा, कठडा आणि शेजाऱ्यांचं गॅरेज.

२०२२ च्या मार्चमध्ये एका मैत्रिणीने या नर्सरीच्या ‘हिवाळी बाग’ सेवेबद्दल सांगितलं. त्यांच्या बाई घरी येऊन आराखडा काढून देतात, मे महिन्यात लागवड करतात आणि दर नोव्हेंबरात येऊन झाडं बांधून, गुंडाळून जातात. आराखड्याचे १५० डॉलर, झाडं-मजुरी धरून पहिल्या वर्षी साधारण २,३००, आणि नंतर नोव्हेंबरच्या प्रत्येक फेरीचे १८०. नवरा म्हणाला, “पाच महिने बर्फाखाली गाडून ठेवायला एवढे पैसे?” त्याला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाई आल्या. साठीच्या असाव्यात, बुटांना चिखल, कानामागे पेन्सिल. पहिला प्रश्न, “सकाळचा चहा कुठे उभ्या राहून पिता?” मी सिंकसमोरची खिडकी दाखवली. त्यांनी माझी उंची विचारली. मी पाच फूट एक इंच, त्या चांगल्या पावणेसहा फूट. गुडघ्यात वाकून, माझे डोळे येतात त्या उंचीवरून त्या बाहेर बघत राहिल्या. पंधरा-वीस मिनिटं अंगणात पाऊलच टाकलं नाही. वहीत फुलांचे रंग एकदाही लिहिले नाहीत. लिहिलं ते काठ्यांचा रंग, बोंडांचा आकार, कुठलं झाड वाळून उभं राहतं आणि कुठलं लोळतं. “जूनमध्ये सगळ्यांचीच बाग छान दिसते,” एवढंच म्हणाल्या.

त्यांनी लावलं काय? लाल काठ्यांच्या डॉगवुडची तीन झुडपं. हे झाड इथलंच, ओढ्याकाठी आणि दलदलीत आपसूक येणारं. ‘अ‍ॅनाबेल’ हायड्रेंजिया दोन, पुढच्या ओळीत इकिनेशिया आणि ‘ऑटम जॉय’ सेडम, कडेला रंगीत पानांचे बुटके ह्युकेरा, कोपऱ्यात सर्व्हिसबेरीचं एक लहान झाड. आणि ‘कार्ल फोर्स्टर’ गवताचे सात ठोंब. या गवताला मी नाक मुरडलं होतं, कारण इथे प्रत्येक बँकेच्या आणि दातांच्या डॉक्टरच्या दाराशी तेच असतं. पोट्सडॅमच्या एका जर्मन नर्सरीवाल्याचं नाव त्याला दिलंय, २००१ मध्ये त्याला इथल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनचा ‘वर्षाचं झाड’ असा मान मिळाला आणि तेव्हापासून बहुतेक ते कोणी लावायचं थांबलेलंच नाही.

पहिला उन्हाळा बेताचा गेला. डॉगवुड म्हणजे नुसतं हिरवं झुडूप, गवत गवतासारखं. त्या जूनमध्ये हा अभिप्राय लिहिला असता तर तीन तारेही जड गेले असते.

ऑक्टोबरात मी कात्री काढली आणि बरोबर त्याच आठवड्यात नर्सरीचा निरोप आला की काहीही कापू नका. वाळकी बोंडं, काळी पडलेली देठं, सगळं तसंच. पाहुणे आले की मला ओशाळं वाटायचं, मयताच्या घरासारखं अंगण. नोव्हेंबरात दोन माणसं आली. डेकशेजारी आमच्या जुन्या दोन आर्बरव्हायटी आहेत, आपल्याकडे बंगल्याच्या फाटकाशी मोरपंखी असते तिच्या नात्यातल्या. जमीन गोठल्यावर मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वर ऊन-वारा पानं वाळवत राहतो, म्हणून दक्षिणेकडच्या झाडाभोवती खुंट्या ठोकून त्यांनी गोणपाटाचा आडोसा केला. दुसरीच्या फांद्या सुतळीने सैलसर बांधल्या.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आमच्या वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. आई चष्मा पुसून म्हणाली, “अगं, हे बारदान की! पैसे देऊन झाडाला बारदान नेसवलंस व्हय?”

मग नोव्हेंबर संपता संपता पहिला खरा बर्फ पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले. बाहेर निळसर अंधार, आणि आधी जाणवलं ते ऐकू न येणं. आमच्याकडे ३९४ हायवेची घरघर दिवसरात्र असते, ती गेली होती. ताज्या बर्फात बर्फ थोडा आणि हवाच जास्त, म्हणून तो आवाज पिऊन टाकतो. हे मला इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. तरी त्या दिवशी बरणीचं झाकण लावताना झालेला आवाज मला दचकवून गेला.

सव्वासातला उजाडायला लागलं आणि बाग वर आली. वर आली म्हणजे खरंच वर आली, फोटोचा कागद पाण्यात धरल्यावर चित्र उमटतं तशी. हायड्रेंजियाच्या वाळक्या तपकिरी गोळ्यांवर बर्फाच्या पालथ्या वाट्या. सर्व्हिसबेरीच्या प्रत्येक फांदीवर एकाच बाजूने खडूची रेघ. इकिनेशियाच्या काळ्या बोंडांवर टोप्या, आणि वारा उत्तरेचा असल्यामुळे सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, पारावर बसून निवडणुकीच्या गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्यांसारख्या. आणि मधोमध डॉगवुड. उन्हाळाभर पानांत लपलेल्या काठ्या लाखेच्या बांगडीसारख्या लाल झाल्या होत्या. अख्ख्या अंगणात रंग तेवढाच. खिडकीच्या चौकटीत तो बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर येत होता. नवऱ्याला वाकून बघावं लागलं.

तेवढ्यात एक जंको आला. पाटीच्या रंगाची, पांढऱ्या पोटाची चिमणीएवढी पाखरं, कॅनडाकडून हिवाळा काढायला ‘दक्षिणेत’ म्हणजे आमच्याकडे येतात, आता बोला. तो एका बोंडावर उतरला, देठ वाकला, टोपी निसटून खाली पडली. बोंडातलं बी टिपलं, काही सांडलं, मग खाली उतरून सांडलेलंही वेचलं. पडलेल्या टोपीचा बर्फात अंगठ्याएवढा खड्डा झाला होता. चहा गार झाला. मी दुसरा केला नाही.

गवताबद्दलचं मतही मागे घेते. ते सात ठोंब बर्फातून सरळ उभे होते, गव्हाच्या रंगाचे, आणि वारा आला की त्यांच्यावरची भुकटी चाळणीतून पीठ पडावं तशी खाली झरायची. बँकेसमोर ते असं कधी दिसलं नाही. तिथे मी चहा घेऊन उभी नसते, हेही आहे.

आता तक्रार.

२०२२-२३ चा हिवाळा साधा नव्हता. ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे आमचं शहर आणि शेजारचं सेंट पॉल इथे, त्या मोसमात ९० इंचांवर बर्फ पडला, म्हणजे साडेसात फूट, नोंदींमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा. नर्सरीच्या माणसांनी सर्व्हिसबेरी आणि डॉगवुडभोवती दोन फूट उंचीची जाळी लावली होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकाच तडाख्यात फूटभराहून जास्त पडला, आधीचा खाली दबलेला होताच. जाळीचा वरचा जेमतेम वीतभर भाग उरला. ससा सहसा दोन फूट उंच उडी मारत नाही, पण त्याला मारावीच लागली नाही. बर्फाने त्याला जिना करून दिला. सकाळी खुणा सरळ जाळीपर्यंत गेलेल्या, मागच्या लांब पायांचे ठसे पुढे आणि पुढचे मागे, आणि डॉगवुडच्या दहा-बारा काठ्या सुरीने तिरकस कापाव्यात तशा कापलेल्या. सर्व्हिसबेरीची साल तर गोल कुरतडून काढली होती. खोडाला पूर्ण वळसा पडला की वरचं झाड जात नाही असं होत नाही.

मी फोन केला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सशांनी केलेलं नुकसान हमीत बसत नाही. छापील कागदात तसं लिहिलेलं होतं, खरं आहे. पण मी सशांबद्दल नव्हे, जाळीबद्दल बोलत होते. मिनेसोटात बर्फ साचतो ही बातमी नाही. ‘हिवाळी बाग’ नावाखाली पैसे घेणाऱ्यांनी जाळी जमिनीपासून नाही, बर्फापासून मोजायला हवी. तीन फोन झाले. शेवटी बाई स्वतः आल्या, खोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “चूक आमची.” नवं झाड अर्ध्या किमतीत दिलं. पूर्ण फुकट द्यायला हवं होतं असं माझं अजून मत आहे. डॉगवुड मात्र चिवट, मेमध्ये बुंध्यातून नव्या काठ्या फुटल्या. तसंही जुन्या काठ्या राखाडी पडतात म्हणून दर वसंतात एकतृतीयांश कापायच्याच असतात, म्हणजे सशांनी छाटणी वेळेआधी आणि जरा बेशिस्तीने केली, एवढंच.

त्याच भेटीत त्यांनी एक गोष्ट शिकवली, तिचे पैसे लावले नाहीत. कडाक्याच्या थंडीत पडणारा कोरडा बर्फ हलका, त्याला हात लावू नका. पण पारा शून्य सेल्सियसच्या आसपास असताना पडतो तो ओला, चिकट, फांद्या मोडणारा. तो झाडूने वरून झोडपायचा नाही. झाडू फांदीखाली घालून हळूच वर उचलायचं. आणि तो गोठून बसला असेल तर नादच सोडायचा, कारण तेव्हा बर्फाआधी फांदी तुटते. मी आता त्यासाठी केरसुणीसारखा मऊ, लांब दांड्याचा झाडू डेकच्या दाराशी ठेवते.

पुढचा हिवाळा उलटा निघाला. २०२३-२४ इथल्या नोंदींमधला सर्वांत उबदार, बर्फ नावाला. गोणपाट, सुतळ्या, जाळ्या सगळं जागेवर आणि बर्फच नाही, लग्न मोडलेल्या घरचा मांडव. शिवाय बर्फ ही मुळांची गोधडी असते, ती नसली की जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते. कडेचे दोन ह्युकेरा त्या उचलाउचलीत मुळांसकट वर आले आणि वाळून गेले. यात नर्सरीचा दोष नाही, पण १८० डॉलर तेवढेच लागले.

पाचपैकी चार देते. पाचवा सशांनी खाल्ला. ज्यांना जूनमध्ये लोकांना बोलावून फुलं दाखवायची आहेत त्यांनी इथे पैसे घालू नयेत, आणि घर विकायचा विचार असेल त्यांनीही नाही, पहिली दोन वर्षं झाडं बारकी दिसतात. उत्तरेकडे तोंड असलेली, सावलीतली खिडकी असेल तर आधी बाईंना तिथे उभं करा. डॉगवुडच्या काठ्यांना ऊन मिळालं नाही तर ती लाली येत नाही.

यंदाच्या नोव्हेंबरची फेरी ठरवली आहे. जाळी चार फुटांची सांगितली आहे आणि माणसं आली की टेप घेऊन मी बाहेर उभी राहणार आहे. आईने विचारलंय, बारदान तेच वापरतात की दरवर्षी नवं.