घरी काढलेला टॅटू पिकला तर कुठं जायचं : टिळकवाडीतल्या एका स्किन क्लिनिकबद्दल

आधी स्टार सांगून टाकतो. क्लिनिकला पाचपैकी चार, तिथल्या ड्रेसिंगच्या सिस्टरना पाच, आणि त्या ऑनलाइन टॅटू किटला शून्यच दिला असता खरं तिथं कमीत कमी एक द्यावाच लागतो म्हणून एक. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं आधीच नंबर लागत नाही आणि पुढच्या महिन्यात मलाच जायचंय. बेळगावात टिळकवाडीत रेल्वे गेटच्या अलीकडं स्किनच्या डॉक्टरबाई कुठं बसतात म्हणून कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, सांगतोय.

पेशंट म्हणजे माझा भाचा. खानापूरकडं असतो, बारावी झालीय, पहाटे उठून ग्राउंडवर पळतो, सगळं लक्ष भरतीकडं. त्यानं आणि त्याच्या दोस्तानं मिळून ते किट मागवलं. मी नंतर डबा उघडून बघितला, पेनासारखं एक मशीन, सुया, सरावासाठी रबराचं कातडं, ग्लोव्हजचा एकच जोड आणि काळ्या शाईची एक बाटली. सुयांच्या पाकिटावर निदान तारीख तरी होती, बाटलीवर ना कंपनीचं नाव ना एक्सपायरी, नुसतं इंग्लिशमध्ये ब्लॅक. आक्का, म्हणजे त्याची आई, शेतावर गेलेली बघून दोघं माळ्यावर बसले आणि एकमेकांच्या दंडावर 'जगदंब' काढलं. शाई घट्ट वाटली म्हणून त्यात नळाचं पाणी घातलं, आणि सुई दोघांना एकच. पाकिटात आणखी सुया शिल्लक होत्या हे विशेष.

आता कुठलाही टॅटू काढला की थोडं लाल होणं, सुजणं, पाणी सुटणं, मग खपली धरून खाज येणं हे चालायचंच, सुई कातडीच्या वरच्या थरातनं खालच्या थरात जाते, शाई तिथंच राहते म्हणून तर टॅटू पुसला जात नाही. खरं ते दिवसागणिक कमी होत जायला पाहिजे. ह्याचं उलटं झालं. लाली अक्षरांच्या बाहेर पसरायला लागली, हात लावला तर गरम, ठणका एवढा की कुशीवर झोपता येईना, 'ज'च्या कान्यापाशी पिवळं पू दिसायला लागलं, आणि हा पठ्ठ्या फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरतोय. आधी हळद लावली, मग कुणीतरी टूथपेस्ट सांगितली ती लावली, मग मेडिकलमध्ये जाऊन 'खाजेचं मलम द्या' म्हणून ट्यूब आणली.

ती ट्यूब हाच सगळ्यात मोठा घोळ. कुठलं दुकान ते सोडा, आपल्याकडं जवळजवळ सगळीकडं हेच चालतं, खाज म्हटलं की काउंटरवरनं स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असलेलं मलम हातात. स्टेरॉइडमुळं लाली आणि सूज लगेच उतरते, माणूस म्हणतो वा काय गुण आला, आणि आत जंतूंना रान मोकळं, कारण शरीर जे लढत असतं तेच स्टेरॉइड दाबून टाकतंय. २०१८ मध्ये सरकारनं असली स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केलाय, खरं चिठ्ठी मागतो कोण. भाच्याला एक-दोन दिवस बरं वाटलं, मग रात्री थंडी वाजून ताप भरला, तेव्हा मला फोन. "मामा, आईला नको सांगू की." मी म्हटलं आधी ये, आईचं नंतर बघू.

क्लिनिकचं सांगतो. सकाळी नऊला चिठ्ठ्या देतात, फोनवर नंबर नाही, स्वतः जाऊन उभं राहायचं. खानापूरहून पहिल्या गाडीनं आलात तरी तुमच्या आधी चिकोडी, बैलहोंगलकडची माणसं बाकावर बसलेली असतात. बाकं लोखंडी, पंखा एका कोपऱ्यात फिरतोय आणि माणसं दुसऱ्या कोपऱ्यात. तपासणीचे ४०० रुपये, रोख द्या म्हणतात, स्कॅनर आहे खरं कंपाउंडर त्याच्यावर कॅलेंडर टांगून ठेवतो. एक स्टार कापला तो ह्याचाच. भाच्याला ताप आहे म्हटल्यावर मात्र कंपाउंडरनं थर्मामीटर लावला आणि नंबर सोडून आत घेतलं, कुणी कुरकुर केली तर त्यांना कन्नडमध्ये त्यानंच समजावलं.

आत गेल्यावर बाईंनी पहिलं काय केलं तर मला बाहेर काढलं. "मामा, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा." मला जरा राग आला, खरं नंतर कळलं की सुई एकच होती आणि शाईत पाणी घातलेलं हे त्या पाच मिनिटांतच बाहेर आलंय, माझ्यासमोर हा बोलला नसता. वर काय रे हे, अक्कल आहे का, असलं काही एक नाही. त्याच्या वयाची पोरं असलं घेऊन नेहमी येत असणार, त्यांच्या तोंडावर आश्चर्यसुद्धा नव्हतं.

मग मला आत बोलावलं तर बाई साध्या बॉलपेननं त्याच्या दंडावर लालीच्या कडेकडेनं रेघ मारायला लागलेल्या. भारताचा नकाशा काढतात तशी, प्रत्येक वळण धरून. बाजूला तारीख आणि वेळ लिहिली. म्हणाल्या, औषध सुरू करून उद्यापर्यंत लाली ह्या रेघेच्या आत राहिली किंवा मागं सरकली तर ठीक, बाहेर गेली, किंवा दंडावरनं काखेकडं लाल पट्टा चढताना दिसला, ताप उतरला नाही, गरगरायला लागलं, तर माझ्याकडं यायचं नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलला ॲडमिट व्हायचं, रात्र असली तरी. काखेत बोटं घालून गाठ बघितली, होती. मोबाइलवर फोटोपण काढून ठेवायला लावला. मला विचाराल तर ४०० रुपये त्या रेघेचेच. ट्यूब देणारा काउंटरवाला शर्टाची बाही वर करायलासुद्धा सांगत नाही.

ड्रेसिंगच्या सिस्टर आमच्या सीमाभागातल्याच, बोलण्यावरनं निपाणीच्या. आम्हाला वाटलं खपली ओढून काढणार, भाचा आधीच डोळे मिटून बसलेला. त्यांनी सलाइनमध्ये गॉज भिजवून नुसता ठेवून दिला, मध्ये दुसऱ्या पेशंटचं काम करून आल्या, तोवर खपली मऊ पडून आपोआप सुटली. खाली पू साठलेलं होतं ते बाईंनी बारीक चीर देऊन काढलं आणि थोडं काडीवर घेऊन लॅबला पाठवलं, कुठला जंतू आहे आणि कुठलं औषध लागू पडतंय ते बघायला. "हे घरी दाबून काढायचं नाही हं बाळा," सिस्टर म्हणाल्या, दाबलं की पू आत पसरतं. शाई उकरून काढायला जायचं नाही हेही सांगितलं, जंतू गेले की शाई बसू दे तिथं. डेटॉल तसंच्या तसं ओतायचं नाही, नुसतं साधा साबण, स्वच्छ पाणी, कोरडं करून म्युपिरोसिन ह्या अँटिबायोटिकचं मलम पातळ लावायचं, आणि विहिरीत पोहणं बंद. पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या त्या मी हितं लिहीत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी हे वाचून तेच नाव मेडिकलमध्ये सांगणार. लॅबचा रिपोर्ट आला तो स्टॅफचा, म्हणजे आपल्या कातडीवर, नाकात असतोच तो जंतू, गोळ्या त्याला लागू होत्या म्हणून बदलल्या नाहीत.

पाण्यावरनं बाईंनी आणखी एक सांगितलं जे मला माहीतच नव्हतं. नळाच्या पाण्यात टीबीच्या जंतूच्या भाऊबंदकीतले काही जंतू असतात, पिताना काही करत नाहीत, सुईनं कातडीत गेले तर करतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात २०११ च्या शेवटी टॅटू काढलेल्या १४ जणांना असला संसर्ग झालेला, आणि तिथं तर रीतसर दुकानातला टॅटू, शाईच दूषित निघाली. हा संसर्ग लगेच दिसत नाही, टॅटू भरून आला असं वाटतं आणि काही आठवड्यांनी शाईच्या जागीच लाल पुटकुळ्या उठतात, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत, औषध महिनोन्महिने चालतं. म्हणून पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. फेरतपासणीचे पैसे घेत नाहीत, हे बरंय.

धनुर्वाताचं इंजेक्शन सोळाव्या वर्षी शाळेत घेतलेलं ह्याला आठवेना, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं. एकच सुई वापरली म्हणून दोघांनाही, म्हणजे त्या दोस्तालासुद्धा, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सीच्या तपासणीला पाठवलं. एचआयव्हीची तपासणी सरकारी हॉस्पिटलात मोफत होते, नाव गुप्त ठेवतात, खरं एकदा करून भागत नाही, तीन महिन्यांनी परत करायची कारण ताजा संसर्ग पहिल्या तपासणीत दिसत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस तग धरतो, तेव्हा सुई पुसली होती म्हणण्यात काही अर्थ नाही. आणि टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, मंडळाच्या शिबिरात मिरवत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आक्काला शेवटी कळलंच. तिचं म्हणणं, आमच्या आईच्या हातभर गोंदण होतं, जत्रेत गोंदणारीनं एकाच सुईनं गावातल्या सगळ्या बायकांना गोंदलं, कुणाला काय झालं? मी म्हटलं कुणाला काय झालं ते बघायला तेव्हा होतं कोण, कावीळ होऊन माणूस गेलं की देवाची मर्जी म्हणायचे. तिला पटलं नाही. असो.

खरी पंचाईत वेगळीच झालीय. बाईंनी ड्रेसिंग होताहोता विचारलं, "भरतीला जायचंय काय रे?" हा होय म्हणाला तर त्या गप्पच झाल्या. आर्मीचा नियम असा की कायमचा टॅटू कोपराच्या आतनं मनगटापर्यंत हाताच्या आतल्या अंगाला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला एवढाच चालतो, बाकी अंगावर कुठंही असला तर बाद, परंपरेनं गोंदवणाऱ्या आदिवासी जमातींना तेवढी सूट आहे. ह्यानं काढलाय दंडावर. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर ज्या गावात आहे तिथली पोरं, मैदानावर दिवसरात्र पळतात, आणि एवढं एक कुणाला माहीत नसावं. लेझरनं काढता येतो म्हणाल्या, खरं जखम पूर्ण बरी होऊन काही महिने गेल्याशिवाय नाही, दोन सिटिंगमध्ये दीड-दोन महिने तरी अंतर ठेवावं लागतं, कितीतरी सिटिंग लागतात आणि व्रण राहणार नाही ह्याची गॅरंटी त्या देत नाहीत. अग्निवीरला वयाची मर्यादा आहे, हा हिशोब पोरगा बाकावर बसून बोटांवर करत होता. त्याचा दोस्त बिब्बा लावून जाळून काढू म्हणत होता, त्याला सिस्टरनी असा काही झापला की कंपाउंडरसुद्धा आत डोकावून गेला.

जाणार असाल तर सुट्टे पैसे आणि पाण्याची बाटली न्या, अर्ध्या बाहीचा सैल शर्ट घाला, आधी लावलेली सगळी मलमं पिशवीत घालून न्या कारण बाई एकेक ट्यूब मागून बघतात. रविवारी बंद. गाडी गल्लीत लावू नका, समोरच्या घरातल्या आजी हवा सोडतात.