घोडी गाभण राहत नसेल तर: तबेल्यावर येणाऱ्या डॉक्टर मॅडमचा अनुभव

घोडबंदर रोडला ओवळ्यात आमचा वरातीच्या घोड्यांचा तबेला आहे. ठाणे-नवी मुंबईत घोडी पाळणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण घोडीच्या गर्भपिशवीचं काम जाणणारा डॉक्टर आपल्याकडे शोधूनही मिळत नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलपर्यंत टेम्पोतून नेणं प्रत्येक माजात जमत नाही. या मॅडम पनवेलहून येतात, घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे अगदी पहाटे, आणि सगळं तबेल्यावरच करतात.

आमची चांदणी सोळा वर्षांची. मागच्या वेळी व्यायली तेव्हा वार (शिंगराभोवतीचं आवरण) अडकली होती. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर लगेच डॉक्टर लागतो, हे प्रत्येक मोतद्दाराला माहीत असायला हवं. तेव्हापासून ती गाभ धरेना. घोडा दाखवला की तीन आठवड्यांनी परत माजावर. आधी जे डॉक्टर यायचे ते काहीही न तपासता दर माजात पिशवीत अँटिबायोटिक सोडायचे. मॅडमनी ते ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आता कुठलंच औषध नको. पुढच्या माजाला फोन करा." कुठला जंतू आहे ते न बघता औषधं सोडत राहिलं तर पिशवीत बुरशीही धरते, आणि ती काढणं जास्त अवघड. माजातच बोलवण्याचं कारण म्हणजे तेव्हा पिशवीचं तोंड सैल असतं आणि नमुना नीट घेता येतो.

नमुना घ्यायची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. शेपटी पट्टीत गुंडाळून बाजूला बांधली. मागचा भाग साबणाने पुन्हा पुन्हा धुतला आणि कोरडा केला. मग खांद्यापर्यंतचा हातमोजा, आणि नळीत झाकलेला स्वॅब. तो आत पोचल्यावरच नळीबाहेर काढायचा, म्हणजे बाहेरची घाण चिकटून रिपोर्ट चुकत नाही. एक नमुना काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, एक कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला. सोनोग्राफीत पिशवीतलं पाणी काळं दिसतं, ते त्यांनी मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. काचेवर पू-पेशी निघाल्या, कल्चरला स्ट्रेप्टोकोकस. घोडीच्या पिशवीत हा जंतू सर्रास सापडतो आणि साध्या पेनिसिलिनला दबतो. आमच्या आधीच्या महागड्या औषधांची गरजच नव्हती.

मग पिशवी धुतली. कोमट निर्जंतुक सलाईन लिटर-लिटरने आत सोडायचं आणि परत बादलीत घ्यायचं. पहिलं पाणी ताकासारखं गढूळ आलं, शेवटचं स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत त्या थांबल्या नाहीत. नंतर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, म्हणजे पिशवी आवळून उरलेलं पाणी बाहेर फेकते. पेनिसिलिन त्यानंतर.

खरं मूळ मात्र वेगळंच निघालं. वयाने चांदणीची गुदाची जागा आत ओढली गेली आहे आणि खालचं योनीचं तोंड तिरकं झालंय, त्यामुळे लीद थेट तिथेच पडते आणि हवाही आत जाते. कितीही धुतलं तरी जंतू परत शिरणारच. म्हणून जागा बधिर करून योनीच्या तोंडाला वरच्या बाजूने टाके घातले. घोडा लावताना आणि व्यायच्या आधी ते उघडावे लागतात, ते विसरलं तर घोडी फाटते. मॅडमनी ही गोष्ट कागदावर लिहून तबेल्याच्या भिंतीवर चिकटवून घेतली. घोडा लावण्याआधी त्याच्या लिंगाला साबण किंवा डेटॉल नको, साध्या पाण्याने धुवा, हेही त्यांनीच सांगितलं. साबणाने अंगावरचे चांगले जंतू मरतात आणि वाईट माजतात.

पुढच्या माजात फक्त एकदाच घोडा लावला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पाणी साचलं नाही ना ते बघितलं. पंधरवड्याने सोनोग्राफीत गाभ दिसला, जुळं नाही याचीही खात्री केली, कारण घोडीला जुळं झेपत नाही. नंतरच्या तपासणीत ठोके दिसले तेव्हा आमचा मोतद्दार रडला.

तक्रारी आहेत. दिवसा फोन उचलत नाहीत, मेसेजच करावा लागतो. लॅबचे पैसे वेगळे पडतात, ते आधी स्पष्ट सांगायला हवेत. येण्याजाण्याचा खर्च एका घोडीसाठी भारी वाटतो, म्हणून शेजारच्या तबेल्यातल्या घोड्याही त्याच दिवशी दाखवा, तो वाटून जातो. माज पाच-सात दिवसच टिकतो, तेव्हा पहिल्याच दिवशी कळवा. गरम पाणी, दोन स्वच्छ बादल्या आणि घोडी धरणारा ओळखीचा माणूस तयार ठेवा.